माझ्या नावाला दिलेली ओ

बॉबलिंगेनच्या आमच्या इमारतीत जिना धुण्याची पाळी असायची. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला एक छोटी लाकडी पाटी लटकायची, तिच्यावर 'केअरवोखं', म्हणजे झाडलोटीचा आठवडा, असं लिहिलेलं. आईला या शब्दाची गंमत वाटायची. "बघ, केर त्यांचा आणि आपला एकच," असं ती आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खालच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे, त्यांचे गुडघे गेले होते. त्यांची पाळी आली की आई शनिवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन खाली जायची, पहिल्या मजल्यापासून तळघराच्या दारापर्यंतचा जिना पुसून काढायची आणि पाटी मात्र त्यांच्याच दाराला राहू द्यायची. बाकीच्या बिऱ्हाडांना वाटायचं, म्हातारा अजून टणक आहे. मला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं घर समोरच्याच इमारतीत होतं आणि आईचा गुडघ्यांवर बसलेला आकार जिन्याच्या काचेतून तिला दिसत असणार, याची मला खात्री होती.

मी सातवीत असताना आम्ही जर्मनीला आलो. पप्पा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. आई तिकडे नगरजवळच्या मिशन दवाखान्यात स्टाफ नर्स होती, बाळंतपणाच्या वॉर्डाची सगळी जबाबदारी तिच्याकडे असायची. इथं तिचा डिप्लोमा कुणी मानेना. कागद पाठवायचे, शिक्के मारून आणायचे, पुन्हा पाठवायचे, असं तीन वर्षं चाललं. मग तिनं तो नाद सोडला आणि गावातल्याच एका हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मदतनीस म्हणून लागली. जिच्या सहीशिवाय वॉर्डात इंजेक्शन दिलं जात नसे, ती बाई इथं लोकांना आंघोळ घालायची, चादरी बदलायची, भरवायची. याबद्दल ती कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही. पप्पाच कधीकधी जेवताना म्हणायचे, "सुमन, तू तिथं काय होतीस, इथं काय झालीस." त्यावर आई म्हणायची, "अहो, भात वाढू का?"

घरात सकाळी सर्वांत आधी जाग यायची ती आईच्या पाणी तापवण्याच्या आवाजानं, मग पप्पांच्या पेटीनं. पेटी नगरहून आणलेली, तिचा एक स्वर बसलेला होता, आणि पप्पा तो स्वर टाळून गीत म्हणायचे. रविवारी मटण असायचं. तुर्की दुकानातून आणलेलं, आईनं दगडी खलात वाटलेल्या मसाल्याचं, आणि बरोबर स्टुटगार्टहून मिळवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी. कुकरच्या शिट्टीला घाबरून वरच्या मजल्यावरची बाई एकदा दारात येऊन उभी राहिली होती. तेव्हापासून आई कुकर लावण्याआधी खिडकी घट्ट बंद करायची. रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पप्पा पवित्र शास्त्रातून, बायबलमधून, वाचायचे, मी त्या उताऱ्यावर चार वाक्यं बोलायची आणि आई, पहाटे साडेपाचची बस पकडून दिवसभर उभी राहिलेली आई, डोळे मिटून डुलक्या काढायची. मला वाटायचं, हिला यातलं काही कळत नाही.

बोलायला मला लहानपणापासून यायचं. पप्पांचे वडील नगरकडे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, त्यांचा आवाज माझ्यात उतरला आहे असं सगळे म्हणायचे, आणि मीही तसंच मानत आले. महिन्यातून एका रविवारी दुपारी इथल्या एका जर्मन चर्चच्या सभागृहात आमची मराठी उपासना भरायची. बॉबलिंगेन, स्टुटगार्ट, अगदी कार्ल्सरूहेहूनसुद्धा लोक यायचे. दहा-बारा कुटुंबं, शिकायला आलेली काही मुलं. साळवे अंकल हे त्या मंडळीतले वडीलधारे, तिचा कारभार बघणारे. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होते आणि उपासनाही तशीच चालवायचे, मिनिटामिनिटाला घड्याळ बघत. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्यांना सांगितलं की मला ईश्वरविज्ञान शिकायचंय, पाळक व्हायचंय. त्यांना आनंद झाला. पप्पा तर दोन दिवस पेटी वाजवत बसले होते. आई म्हणाली, "चांगलं आहे. आधी थोडं जग बघ."

पाळक घडवणाऱ्या शाळेची, सेमिनरीची, अटही तशीच निघाली. शाळा संपल्यावर आधी एक वर्ष सेवेचं करायचं आणि तिथल्या प्रमुखाचं पत्र घेऊन यायचं. मला वाटलं होतं, तरुणांच्या एखाद्या शिबिरात जाईन, गाणी शिकवीन, बोलायला मिळेल. पण त्या वर्षी जागा उरली होती ती आईच्याच हाइममध्ये. आई पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. पांढरा अंगरखा, रबरी तळाचे बूट आणि खिशात हातमोज्यांची पुडी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा शौचालयात जाऊन ओकले. आई एकदा मागून आली, माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "तोंडानं श्वास घेत जा. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत काम कर, म्हणजे बाकीचं दिसत नाही." एवढं सांगून ती तिच्या मजल्यावर निघून गेली.

आज माझ्याकडे तरुण मुलंमुली येतात. सेवेला यायचंय म्हणतात आणि उपासनेत आपण दिलेल्या संदेशांचे, म्हणजे प्रवचनांचे, व्हिडिओ दाखवतात. मी ते बघते, कारण त्यांच्या वयात मला कुणी तसं बघितलं असतं तर मी हुरळून गेले असते. मग विचारते, तुम्ही आजवर कुणाला भरवलंय का. बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांना का विचारते हे मी सांगत नाही. सांगायचं झालं तर फ्राउ हेगेले यांच्यापासून सुरुवात करावी लागेल.

फ्राउ हेगेले, म्हणजे हेगेलेबाई, एकोणनव्वद वर्षांच्या होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. डोळे जवळजवळ गेले होते, माणूस आलं की गेलं एवढंच सावलीवरून कळायचं. स्वभाव तिखट. कॉफी कोमट असली की पेला ढकलून द्यायच्या, आणि कुणी लहान मुलाशी बोलावं तसं त्यांच्याशी बोललं तर तोंड भिंतीकडे वळवायच्या. केस मात्र अजून कमरेपर्यंत लांब होते, आणि ते विंचरायला त्या मला एकटीलाच हात लावू द्यायच्या. माझं नाव त्यांच्या तोंडी 'एस्टा' व्हायचं. नाहीतर 'मेडले' म्हणायच्या, तिकडच्या बोलीत पोरी म्हणावं तसं. केस विंचरताना मी त्यांना माझ्या पुढच्या आयुष्याबद्दल सांगायची. एकदा मी त्यांना माझा तयार होत असलेला संदेश जर्मनमध्ये करून ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "लांब आहे. आणि तू माझे केस ओढतेयस."

त्यांची एक बहीण होती, ती इस्पितळात एकटी असतानाच वारली होती. नर्स जेवणाचं ताट ठेवून गेली आणि ताट उचलायला आली, तेवढ्या वेळात. ही गोष्ट त्यांनी मला बऱ्याचदा सांगितली, दर वेळी ताटात काय होतं तेही सांगून. मुलगा हॅम्बुर्गला होता, फोन करायचा, वर्षातून दोनदा यायचा. एप्रिलमध्ये कधीतरी केसांची वेणी घालत असताना त्यांनी मागे हात करून माझं मनगट धरलं. "एस्टा, माझी वेळ आली की तू बस. बोलू नकोस. प्रार्थना वगैरे काही करू नकोस. नुसती बस." मी म्हटलं, बसेन. "फर्श्प्रोखन?" वचन देतेस ना, असं त्यांनी विचारलं. मी लगेच म्हटलं, दिलं. हट्ट करणाऱ्या मुलाला म्हणतो ना, तसंच म्हटलं.

जूनच्या उपासनेत पहिला संदेश मी द्यावा असं साळवे अंकलनी ठरवलं. उतारा मी निवडला, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो. महिनाभर मी त्यावर काम केलं. ग्रीक शब्दाचा अर्थ शोधला, पप्पांकडून आजोबांच्या आठवणी घेतल्या, आरशासमोर उभी राहून कुठं थांबायचं ते ठरवलं. हाइममधले अनुभवही त्यात घातले. मी कशी ओकले, मग कशी शिकले, असं. त्याच आठवड्यात फ्राउ हेगेले खालावल्या. बुधवारपासून त्यांनी खाणं सोडलं. शनिवारी मी त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या ये." मी म्हटलं, उद्या माझी सुट्टी आहे, पण सकाळी दहा मिनिटं येऊन जाईन, नक्की. घरापासून हाइम बसनं चार थांब्यांवर होतं.

रविवारी सकाळी मी गेले नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. नऊ वाजता आठवलं, दहा वाजता आठवलं. अकरा वाजता मी शेवटचा परिच्छेद बदलायला घेतला आणि मनाशी म्हटलं, उद्या सकाळी ड्यूटीच आहे.

दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. मी न्हाणीघरात होते, दार लावून मोठ्यानं संदेश म्हणत होते. फोन आईनं घेतला. बोलणं मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती, तिनं तिची वाइन रंगाची रेशमी साडी नेसली होती. ती साडी ती नाताळला आणि लग्नालाच काढायची. गॅसवर उपासनेनंतरच्या जेवणाचा पुलाव होता. ती म्हणाली, "तुम्ही दोघं गाडीनं पुढं व्हा. हा भात व्हायचाय. मी बसनं येते." पप्पा म्हणाले, "अगं, पोरीचा पहिला संदेश आहे." आई म्हणाली, "अहो, येते म्हटलं ना." मग तिनं माझ्या ओढणीची पिन नीट केली आणि म्हणाली, "सावकाश बोल. तू घाईत शब्द खातेस."

सभागृहात पहिल्या रांगेत पप्पांशेजारची खुर्ची मी तिच्यासाठी रिकामी ठेवायला लावली होती. गीतं झाली, प्रार्थना झाली, खुर्ची रिकामीच. मी उभी राहिले. मागचं दार वाजलं की माझं लक्ष तिकडं जायचं, आणि प्रत्येक वेळी ते कुणाचं तरी मूल असायचं. तरी संदेश चांगला झाला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तो खरंच चांगला झाला. साळवे अंकलनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आजोबांची आठवण सांगितली तेव्हा पप्पांनी चष्मा काढला. नम्र सेवेबद्दल, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या कामाबद्दल मी पंचवीस मिनिटं बोलले. नंतर बायका माझे हात हातात घेत होत्या. साळवे अंकल सगळ्यांदेखत म्हणाले, "ही आपली पाळक आहे, लिहून ठेवा." मला मात्र आईचा राग आला होता. पुलावसुद्धा आला नव्हता. लोकांनी बिस्किटं आणि चहा घेतला आणि गेले.

घरी आलो तर फ्रिजवर चिठ्ठी होती. 'मी हाइमला आहे. पुलाव ओव्हनमध्ये ठेवलाय, गरम करून जेवा.' मी ती चिठ्ठी पप्पांपुढं धरली. म्हटलं, "आजसुद्धा. आजच्या दिवशीसुद्धा तिला तिथंच जायचं होतं."  मी तशीच उलट पावली निघाले, बस पकडली. सात वाजून गेले होते, पण जूनमधलं इथलं सात म्हणजे आपल्याकडची ऐन दुपार. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. आयुष्यात एकदा तू माझ्यासाठी, अशी सुरुवात होती, पुढचं सगळंही तयार होतं.

पहिल्या मजल्यावर आई नव्हती. वर डोरिस भेटली. ती आमच्या मजल्याची प्रमुख नर्स, दांडगी, मोठ्यानं हसणारी बाई. ती हसली नाही. "तर आलीस," एवढंच म्हणाली आणि हातानं कोपऱ्याकडे दाखवलं. फ्राउ हेगेले यांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकी सताड उघडी होती. इथं माणूस गेलं की खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून, हे मला तोवर माहीत झालं होतं. पलंगाशेजारी आई उभी होती. रेशमी साडीवर तिनं प्लॅस्टिकचा एप्रन बांधला होता, बाह्या वर केल्या होत्या, आणि स्टुलावर पाण्याचं भांडं ठेवून ती त्या म्हाताऱ्या बाईची नखं एकेक करून स्वच्छ करत होती. इतक्या हळू, की जणू जोरात केलं तर दुखेल.

मी तयार करून नेलेलं वाक्य कुठं गेलं कळलं नाही. विचारलं, "कधी?"

"साडेपाचच्या आसपास. डोरिसनं वेळ लिहून घेतलीय."

साडेपाचला मी चहा पीत होते. "मला का नाही सांगितलंस?"

"तुझा पहिला संदेश होता," आई म्हणाली. "आणि फोनवर डोरिस म्हणाली, रात्र काढतील कदाचित. मला वाटलं, अर्धा तास बसते आणि तिकडं येते. मग उठता येईना."

"मला विचारत होत्या?"

आईनं फडकं पिळलं. पाणी भांड्यात पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. "मी आत आले तर सावली दिसली असेल त्यांना. 'एस्टा?' म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं."

"तू सांगितलं नाहीस, तू कोण ते?"

"दोनदा तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, या घडीला सांगून काय करायचं. त्यांना तू हवी होतीस." फडकं परत पाण्यात बुडवून ती म्हणाली, "हात धरला होता माझा. म्हणाल्या, आज तुझे हात खरखरीत का लागतायत. मी म्हटलं, भांडी घासलीत.  मध्ये मुलाचा फोन आला, डोरिसनं कानाला लावला, तर त्याला म्हणाल्या, एस्टा आलीय, काळजी करू नकोस."

मी तेव्हा जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी आईला म्हटलं, "म्हणजे तू मरणाऱ्या माणसाशी खोटं बोललीस."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिचे डोळे सुजलेले होते, ते मला तेव्हा कुठं दिसलं. "बोलले," ती म्हणाली. "त्याचं देवाशी मी बघून घेईन. तू बूट बदलून ये आणि तो हात धर, मला एकटीला त्यांना कुशीवर वळवता येत नाहीये."

मी बूट बदलले. आम्ही दोघींनी मिळून त्यांना पुसलं. पाणी कोमट हवं, गार नको, असं आईनं मला दोनदा सांगितलं. आता त्यांना काय कळणार, असं मला वाटलं, पण मी नळावर जाऊन गरम पाणी मिसळून आणलं. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी कशी ठेवायची, पापण्या किती वेळ बोटानं धरायच्या, ते तिनं मला शिकवलं. कपाटातला त्यांचा निळा पोशाख काढला, त्यांनी स्वतः शिवलेला. शेवटी आई बाजूला सरली आणि म्हणाली, "केस तू कर." मी वेणी घातली. ती कशी झाली मला आठवत नाही. आई खुर्चीवर बसली होती, एप्रन तसाच, आणि मला पहिल्यांदा दिसलं की तिचे पाय सुजून चपलेतून वर आले आहेत.

बसमध्ये परतताना तिनं विचारलं, "संदेश कसा झाला?" मी म्हटलं, "बरा झाला." ती म्हणाली, "शब्द खाल्लेस का?" मी म्हटलं, नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी कदाचित लिहिली नसती. तीन आठवड्यांनी हॅम्बुर्गच्या मुलाचं पत्र हाइमच्या प्रमुखांना आलं. 'माझ्या आईच्या शेवटच्या तासांत एस्टा तिच्याजवळ होती, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, हे आम्ही कुटुंबीय कधी विसरणार नाही,' असं त्यात होतं. प्रमुखांनी मला खोलीत बोलावून ते वाचून दाखवलं आणि माझा हात हातात घेतला. डोरिस दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. आईनं तिला गप्प राहायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की आता मी बोलायचं आहे. मी "डांके" म्हणून आभार मानले आणि बाहेर आले. सेमिनरीसाठी त्यांनी जे पत्र दिलं, त्यात तो प्रसंग एका पूर्ण परिच्छेदात होता. त्या संध्याकाळी मी बसनं गेले तेव्हा बाई अजून जिवंत होत्या, असं पप्पांना वाटलं असणार; तो परिच्छेद वाचून त्यांनी आईला म्हटलं, "बघ, पोरीनं नाव काढलं." आई म्हणाली, "हो." मी ताटाकडे बघत जेवत राहिले. एकदा भांडी पुसताना मी तिला म्हटलं, सांगून टाकू का. ती म्हणाली, "राहू दे. त्या बाईची तशीच समजूत होती, तशीच राहू दे."

जुलैअखेर मुलाखत झाली. सेमिनरी कार्ल्सरूहेच्या पुढं एका खेड्यात होती. टेबलापलीकडे तिघं जण होते, त्यांतल्या एक बाई वयस्कर, आजारी माणसांची सेवा कशी करावी हे शिकवणाऱ्या. दोघा पुरुषांनी मला शास्त्राबद्दल विचारलं, मी चांगली उत्तरं दिली. मग त्या बाईंनी पत्रातला तो परिच्छेद काढला, चष्म्यातून वाचला आणि म्हणाल्या, "याबद्दल सांगा. तेवढा वेळ तुम्ही काय केलंत?"

मला खरखरीत हातांची गोष्ट सांगता आली असती. मला सगळं तपशिलानं माहीत होतं. तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "ती मी नव्हते. ती माझी आई होती." मग सगळंच सांगितलं, फोनपासून वेणीपर्यंत. बाईंनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठं होतात?"

"संदेश देत होते."

"कशावर?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. दोघांपैकी एकानं खिडकीबाहेर पाहिलं. मला बाहेर बसवून ते अर्धा तास बोलले, आणि मग त्या बाई स्वतः येऊन माझ्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "या वर्षी नको. तुम्ही खोटं बोललात म्हणून नाही, तुम्ही आज खरं बोललात. पण तुम्हाला अजून एक वर्ष तिथं राहायला हवं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" मी रडत होते, तरी हो म्हणून मान हलवली.

घरी आले तेव्हा आई एकटी होती, कोथिंबीर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. नापास झाले हे तर सांगितलंच, पण मनातून मला वाटत होतं की आता ती उठेल, मला जवळ घेईल. शेवटी मी खरं बोलले होते, तिचं होतं ते तिला परत दिलं होतं. आईचे हात थांबले.

"माझं कशाला काढलंस?" ती म्हणाली.

मला कळेना. म्हटलं, "आई, खरं सांगितलं मी."

"तुझं खरं होतं तेवढं सांगायचं. 'मी तिथं नव्हते' एवढंच. पुढचं माझं आणि त्या बाईचं होतं. ते तू तीन परक्या माणसांपुढं टेबलावर मांडलंस." तिचा आवाज चढलेला नव्हता. आयुष्यात तिला इतकं दुखावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. "आता ते माझ्याकडे राहिलं नाही," असं म्हणून ती कोथिंबीर घेऊन ओट्याकडे वळली. त्यानंतर या विषयावर ती कधीच बोलली नाही, आणि मला बोलू दिलं नाही.

ते दुसरं वर्ष मी हाइममध्ये केलं. पहाटेच्या बसनं आम्ही दोघी जायचो, बसमध्ये ती झोपायची, तिचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. त्या वर्षात मी काही जणांजवळ शेवटपर्यंत बसले. बोलले नाही. कितीजणांजवळ आणि कसं, ते लिहिणार नाही, आईच्या बोलण्याचा निदान तेवढा अर्थ मला लागला आहे. संदेश दिला नाही. साळवे अंकलनी दोनदा विचारलं, मी नको म्हटलं, त्यांना वाईट वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच वयस्कर बाईंनी मला सेमिनरीत घेतलं, आणि पाच वर्षांनी पाळक म्हणून माझी दीक्षा झाली. त्या दिवशी आईनं माझ्या झग्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "घसा जपत जा."

ती गेली त्याला चार हिवाळे झाले. शेवटचे आठ दिवस ती बेशुद्धच होती, तिच्याजवळ बसणारी मी आहे की दुसरं कुणी, हे तिला कळलं नसावं. दफनाच्या वेळी साळवे अंकल, आता काठी टेकत चालणारे, मला म्हणाले, "पाळकबाई, आईबद्दल तुम्हीच बोला, तुमच्यासारखं कोण बोलणार." मी उभी राहिले. समोर इमारतीतले शेजारी होते, निवृत्त झालेली डोरिस होती, पप्पा होते, सगळी मंडळी होती. फ्राउ हेगेले यांची गोष्ट माझ्या जिभेवर होती. ती कुठं सांगायची, कुठं थांबायचं, लोकांचे डोळे कुठं भरतील, सगळं मला आपोआप कळत होतं. मी ती सांगितली नाही. ती चांगली आई होती, चांगली नर्स होती, एवढं म्हणून खाली बसले. लोकांना माझं बोलणं त्या दिवशी फिकं वाटलं असणार. डोरिसनं मात्र पलीकडून होकाराची मान हलवली.

आणि आता मी ती लिहून काढली आहे. पप्पाही गेले, डोरिस गेली, ठाऊक असलेलं जवळचं कुणी उरलं नाही. मी गेल्यावर ते जगातून पूर्ण पुसलं जाईल, या भीतीनं लिहिलं, असं मी स्वतःला सांगते. आईला विचारलं असतं तर तिनं नकोच म्हटलं असतं. तिचं होतं ते मी राखलं, की दुसऱ्यांदा लोकांपुढं मांडलं, हे मला सकाळपासून ठरवता आलेलं नाही.